ती नंतर कशावर जगली?

बारामतीत मी बरीच वर्षं महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवलं. निवृत्तीनंतर इंदापुरात बायकांचा एक वाचनगट चालवते. गटात अंगणवाडी सेविका आहेत, पतसंस्थेत काम करणाऱ्या आहेत, डाळिंबाची बाग स्वतः बघणाऱ्या आहेत, एक निवृत्त परिचारिका आणि काही शिक्षिका आहेत. इंग्रजी कादंबरी असेल तर मी आधी गोष्ट सांगते, महत्त्वाची पानं मराठीत करून वाचते आणि मग आम्ही बोलतो. लग्न झालेली बाई दुसऱ्या पुरुषाकडे वळते आणि तीच कादंबरीची नायिका असते, अशा अमेरिकन कादंबऱ्यांवर आमच्या गटात जितकं बोलणं झालं तितकं दुसऱ्या कशावरच झालं नाही. त्या बोलण्यातून मला जे उमगलं ते इथे लिहिते आहे.

१. प्रेमाचं नंतर, आधी सातबारा

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णीय लेखिकेची ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ ही कादंबरी १९३७ सालची. फ्लोरिडातल्या जेनीला तिच्या आजीने वाढवलंय. आजी स्वतः गुलामगिरीत जन्मलेली. आपल्या माघारी पोरीला आधार हवा म्हणून ती जेनीचं लग्न वयाने बऱ्याच मोठ्या लोगन किलिक्सशी लावून देते. त्याची साठ एकर जमीन, हीच त्याची लायकी. पुढे हा नवरा जेनीलाही नांगराला लावायचं म्हणून दुसरं खेचर आणायला निघतो. त्याच सुमारास रस्त्याने आलेल्या जो स्टार्क्सबरोबर जेनी एका सकाळी घर सोडून जाते आणि पहिलं लग्न मोडलेलं नसताना त्याच्याशी लग्न करते.

साठ एकर म्हटल्यावर आमच्याकडे सगळ्यांचे कान टवकारले. ऊस आणि डाळिंबाच्या पट्ट्यात साठ एकर म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. “एवढी जमीन टाकून बाई गेली कशी?” असं एकीने विचारलं. दुसरी लगेच म्हणाली, “जमीन तिच्या नावावर होती का पण?”

या प्रश्नाने चर्चा फिरली. त्या दिवसापासून अशी कोणतीही कादंबरी आली की मी आधी तोच प्रश्न विचारते, आणि उत्तर मिळालं की कादंबरीची निम्मी गाठ सुटते. जो स्टार्क्स मरतो तेव्हा जेनीकडे त्याचं दुकान, घर आणि बँकेतला पैसा येतो. म्हणून पुढे ती आपल्यापेक्षा लहान असलेल्या, खिशात काही नसलेल्या माणसावर प्रेम करू शकते आणि तो गेल्यावर स्वतःच्या घरी परतही येऊ शकते. ती जगते, कारण तिला परतायला घर आहे.

याउलट स्कॉट फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ (१९२५) पाहा. नवऱ्याशी प्रतारणा करणाऱ्या बायका त्यात दोन आहेत. मर्टल एका गॅरेजवाल्याची बायको, ती रस्त्यावर मोटारीखाली चिरडली जाते. मोटार चालवत असते डेझी. तीही विवाहित आणि तीही दुसऱ्यात गुंतलेली, पण गडगंज घरातली. ती नवऱ्याच्या संपत्तीत परत शिरते आणि तिच्या केसालाही धक्का लागत नाही. कृत्य एकच, पण दोघींचे शेवट पैशाने ठरवले.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. देशभर तो यायला २००५ साल उजाडलं. तरी भावाने आणलेल्या हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या बायका आमच्या गटातही आहेत. जेनीची गोष्ट त्यांनी ज्या लक्षाने ऐकली तसं लक्ष मला वर्गात क्वचितच मिळालं होतं.

२. शिक्षा देणाऱ्यांचे हात बघावेत

नथॅनियल हॉथॉर्नची ‘द स्कार्लेट लेटर’ १८५० साली आली. गोष्ट मात्र त्याच्याही दोनशे वर्षं आधीच्या बोस्टनमधली, कर्मठ प्युरिटन लोकांच्या वसाहतीतली. हेस्टर प्रिनचा नवरा तिला पुढे पाठवतो आणि स्वतः येत नाही. तो समुद्रात बुडाला असावा असं लोक धरून चालतात. हेस्टरला मूल होतं. कायद्याने देहदंड असतो, पण न्यायाधीश ‘दया’ दाखवतात. तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन तिने भर चौकात चौथऱ्यावर उभं राहायचं आणि छातीवर लाल कापडाचं ‘ए’, म्हणजे व्यभिचारासाठीच्या इंग्रजी शब्दाचं पहिलं अक्षर, जन्मभर वागवायचं. मुलीच्या बापाचं नाव ती शेवटपर्यंत सांगत नाही. तो गावाचा लाडका धर्मोपदेशक डिम्सडेल असतो आणि नाव सांग म्हणून तिला जाहीर आवाहन करायची वेळ त्याच्यावरच येते.

वर्गात शिकवताना मी पाप, प्रायश्चित्त, प्रतीक या अंगाने ही कादंबरी शिकवत असे. परीक्षेतही तेच विचारत. इंदापूरच्या बायकांनी विचारलं ते वेगळंच: ती खायची काय?

त्याचं उत्तर कादंबरीत स्वच्छ दिलेलं आहे. हेस्टर सुईवर जगते. गावाबाहेर समुद्राकाठच्या झोपडीत राहून ती भरतकाम करते. आपल्या छातीवरचं अक्षरसुद्धा तिने सोनेरी धाग्याने इतकं देखणं भरलंय की बघ्या बायका जळतात. राज्यपालाच्या कॉलरी ती शिवते, बाळांची अंगडी-टोपडी शिवते, मेलेल्यांची कफनंही शिवते. ज्यांनी तिला चौथऱ्यावर उभं केलं त्यांच्या अंगावर तिच्याच हातचं काम आहे. एक गोष्ट मात्र तिला कुणी शिवायला देत नाही, ती म्हणजे नवरीचा पांढरा पडदा. गटातल्या एक ताई ब्लाउज शिवतात. नवऱ्याने टाकल्यापासून त्यांचं घर त्याच शिलाईवर चाललं आहे. रुखवताची कामं त्यांच्याकडून करून घेतात, पण हळदीला बोलवत नाहीत. हा भाग वाचला तेव्हा त्या फार वेळ बोलल्या. त्यांचं बोलणं मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

बोस्टन लांब वाटतं म्हणून इथलंही सांगते. मोरोपंत (१७२९ ते १७९४) बारामतीत आर्या रचत होते, त्याच शतकातल्या पेशवाईच्या कागदपत्रांत ‘बदकर्मा’च्या आरोपाखाली धरलेल्या बायका सापडतात. दंड होई, कैद होई, आणि कित्येकींना सरकारची कुणबीण म्हणून आयुष्यभर राबावं लागे. कुणबीण विकलीही जाई. म्हणजे शिक्षा देणाऱ्याला शिक्षेतून फुकटचं मनुष्यबळ मिळे. हेस्टरच्या गावानेही तिला हाकलून दिलं नाही, कारण तिची सुई त्यांना हवी होती. नीतीच्या नावाने दिलेल्या शिक्षेत कुणाचा काय फायदा होतो हे बघायला मी हेस्टरमुळे शिकले.

हॉथॉर्नबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे तो एका कारणासाठी. त्याने हेस्टरला मारलं नाही. शेवटी तिच्या लेकीला, बुडाला असं समजलेल्या पण परत येऊन सूड घेत फिरणाऱ्या त्या नवऱ्याचीच इस्टेट मिळते. लेक परदेशी सुखात असताना हेस्टर आपल्या मर्जीने त्या झोपडीत परत येते आणि गावातल्या दुखावलेल्या बायका तिच्याकडे सल्ला मागायला येऊ लागतात. १८५० साली पुरुषाने लिहिलेला हा शेवट आहे. पुढच्या कितीतरी लेखकांना एवढं धैर्य झालं नाही.

३. शेजारच्या बाईचं नाव घ्यायचं नाही

आमच्या गटाचा हा पहिला नियम आहे आणि त्यावर मी अडून बसते. तालुक्याच्या गावात बाईचं नाव एकदा निघालं की ते एसटी स्टँडपासून बाजारापर्यंत फिरतं आणि तिच्या मुलीच्या सोयरिकीपर्यंत पोचतं. हेस्टरबद्दल वाटेल ते बोला, जिची गोष्ट पुढे येते त्या एडनाला शिव्या द्या, जेनीची बाजू घ्या, पण ‘आमच्या आळीत तसंच झालं’ असं वाक्य सुरू झालं की मी थांबवते. स्वतःबद्दल कुणाला बोलायचं असेल तर तो तिचा अधिकार, आणि ते या खोलीबाहेर जात नाही. कादंबरीतली बाई कुणाचीच सून नसते, म्हणून तिच्याबद्दल खरं बोलता येतं. या विषयावर अशी मोकळीक आमच्या बायकांना दुसरीकडे कुठेही मिळत नाही.

४. नवरा चांगला असला की प्रश्न जास्त अवघड होतो

केट शोपँची ‘द अवेकनिंग’ १८९९ साली आली आणि टीकाकार तिच्यावर तुटून पडले. शोपँ १९०४ साली वारली. पुढची कित्येक दशकं ही कादंबरी जवळजवळ विसरली गेली होती. १९६९ साली तिचं समग्र साहित्य पुन्हा छापलं गेलं तेव्हा लोकांना कळलं की केवढं पुस्तक आपण दडवून ठेवलं होतं.

नायिका एडना पाँटेलिए, न्यू ऑर्लिन्सच्या श्रीमंत व्यापाऱ्याची बायको, दोन मुलांची आई. नवरा मारत नाही, बाहेर गेला की खाऊची पेटी पाठवतो. शेजारणी म्हणतात, याच्यासारखा नवरा शोधून सापडायचा नाही. आमच्या गटात अगदी हेच झालं. “मॅडम, मग हिला झालं काय?” हा प्रश्न रागाने आला. जेनीला सगळ्यांनी माफ केलं होतं, हेस्टरसाठी डोळे पुसले होते. एडनाला मात्र कुणी जवळ करेना.

माझं मत मी तेव्हा मांडलं आणि आजही ते तसंच आहे. छळ होत असेल तरच बाईला बाहेर बघण्याचा अधिकार, असं म्हटलं की आपण तिला आधी पुरेसा मार खाऊन यायला सांगतो. शोपँने नवरा मुद्दाम सज्जन रंगवलाय. एडनाला कशाचा जाच होतो? उन्हाने रापलेल्या बायकोकडे नवरा आपल्या किमती वस्तूला डाग पडावा तसं बघतो. ती पोहायला शिकते, चित्रं काढू लागते, चित्रं विकते. आईकडून आलेली थोडी रक्कम, घोड्यांच्या शर्यतीत जिंकलेले पैसे आणि चित्रांची कमाई यांच्या जोरावर ती नवऱ्याचा बंगला सोडून जवळच्याच छोट्या घरात राहायला जाते. नवरा तेव्हा न्यूयॉर्कला असतो. त्याला काळजी पडते ती धंद्यातली पत जाईल याची. तो बंगल्याचं नूतनीकरण सुरू असल्याची बातमी वर्तमानपत्रात छापून आणतो, म्हणजे बायको घराबाहेर का राहते हे कुणी विचारू नये. हा प्रसंग वाचला आणि खोलीतला राग कमी झाला. घराण्याची पत राखायला काय काय करतात हे प्रत्येकीने पाहिलेलं होतं.

शेवटी एडना समुद्रात पोहत लांब जाते ती परत न येण्यासाठी. काही समीक्षक यात मुक्ती बघतात. मला ते पटत नाही. छोटं घर मिळवलेल्या बाईला लेखिकेने त्या घरात म्हातारी होऊ द्यायला हवं होतं. १८९९ साली छापून आणण्यासाठी कदाचित तिला हा शेवट करावा लागला असेल, पण वाचक म्हणून माझी तक्रार कायम आहे.

५. जी घर सोडत नाही तिच्याकडेही बघावं

रॉबर्ट जेम्स वॉलरची ‘द ब्रिजेस ऑफ मॅडिसन काउंटी’ (१९९२) साहित्य म्हणून वरच्या कादंबऱ्यांच्या पंक्तीला बसणारी नाही. भाषा फार गोड आहे. पण नायिका शेतकऱ्याची बायको आहे. आयोवातली फ्रान्सेस्का. १९६५ च्या ऑगस्टमध्ये नवरा आणि मुलं जनावरं घेऊन शेजारच्या राज्यातल्या जत्रेला जातात आणि पुलांचे फोटो काढायला आलेल्या एका छायाचित्रकाराबरोबर तिला चार दिवस मिळतात. तो बोलावतो, ती जात नाही. गावात नवऱ्याला आणि मुलांना तोंड दाखवायला जागा उरणार नाही म्हणून. तिच्या मृत्यूनंतर मुलांना तिच्या कागदांतून सगळं कळतं.

बारामतीला जानेवारीत ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं तेव्हा आसपासच्या गावांतून घरंच्या घरं तिकडे लोटतात. जनावरांच्या जत्रेची कल्पना आम्हाला करून द्यावी लागली नाही. फ्रान्सेस्काने केलं ते बरोबर की चूक यावर गट दुभंगला आणि आजही दुभंगलेलाच आहे. गटातल्या सर्वांत वयस्कर काकू तेवढं म्हणाल्या, “तिनं लिहून ठेवलं हे चांगलं केलं. पोरांना आई कळली.”

६. कायदा आणि गाव वेगवेगळं बोलतात

भारतीय दंड संहितेच्या कलम ४९७ नुसार विवाहित स्त्रीशी तिच्या नवऱ्याच्या संमतीविना संबंध ठेवणारा पुरुष गुन्हेगार ठरे, तक्रार तिचा नवरा करू शके आणि ती स्वतः आरोपी नसे. वरवर बघता बाईवर दया, पण आत अर्थ असा की ती नवऱ्याच्या मालकीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी जोसेफ शाइन खटल्यात हे कलम रद्द केलं. घटस्फोटाचं कारण म्हणून व्यभिचार आजही उरलेला आहे. गावाच्या न्यायात मात्र पुरुषाचं नाव दोन महिन्यांत विसरलं जातं.

७. आपल्याकडच्या बायका आधी वाचायला हव्या होत्या

अमेरिकन कादंबऱ्यांनी मला सारखं घरी आणून सोडलं. पहिली आठवली अहल्या. वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात ती इंद्राला ओळखते आणि तरीही संमती देते. तिथे ती शिळा होत नाही. गौतमाचा शाप असा आहे की तिने कुणालाही न दिसता, राखेत पडून, केवळ वारा खाऊन हजारो वर्षं काढावीत. ती नंतर कशावर जगली, याचं इतकं भयंकर उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. इंद्रालाही शाप होता, पण त्याची सोय देवांनी लगेच लावली.

नंतर विभावरी शिरूरकर, म्हणजे मालती बेडेकर. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’वरून गदारोळ झाला आणि पुढच्याच वर्षी ‘हिंदोळ्यावर’ आली. तिची नायिका अचला नवऱ्याने टाकलेली, शिकलेली, आणि पुन्हा प्रेम करणारी. मुंबई प्रांतात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा आला १९४७ साली. तोवर टाकलेली बाईसुद्धा त्या नवऱ्याचीच बायको असे आणि तिचं कोणतंही प्रेम प्रतारणेतच जमा होई. शेतकरी जातींत काडीमोड आणि पाटाची वाट होती. पांढरपेशा घरांत तीही नव्हती. ही पार्श्वभूमी सांगितल्यावर आमच्यातल्या एकीने आपल्या पणजीच्या पाटाबद्दल अभिमानाने सांगितलं, आणि घरात हे आजवर दबक्या आवाजात बोललं जात होतं असंही सांगितलं.

हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) हे तर आत्मचरित्र. नवऱ्याला सोडून जाणं, दुसऱ्याच्या घरात अडकून पडणं, दारू, पडद्यावरचं यश, सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं. श्याम बेनेगलांनी त्यावरून १९७७ साली ‘भूमिका’ हा चित्रपट काढला. आयुष्यभर कमावती असलेल्या या बाईच्या कमाईवर ताबा दुसऱ्यांचा होता, हे वाचून वर पहिल्या भागातला प्रश्न मला थोडा दुरुस्त करावा लागला. कमाई असणं पुरत नाही, ती स्वतःच्या हातात असावी लागते. महेश मांजरेकरांच्या ‘अस्तित्व’ या चित्रपटात (२०००) तर गौप्यस्फोटच मृत्युपत्रातून होतो. पुण्यातल्या अदिती पंडितला संगीतशिक्षकाने सगळी मालमत्ता ठेवली, ती का, असं नवरा विचारतो आणि पंचवीस वर्षांपूर्वीचं उलगडतं.

आणि गौरी देशपांडे. इरावती कर्व्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची नात, स्वतः इंग्रजीची प्राध्यापक. नीरा ओलांडली की आपल्या शेजारी फलटण तालुका, आणि तिथल्या विंचुर्णीत ही बाई राहिली. ‘विंचुर्णीचे धडे’ (१९९६) त्याच गावचं. ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ (१९८५) मधली तिची नायिका विवाहित आहे आणि जपानमध्ये तेरुओवर प्रेम करते. लेखिकेने तिला कुठल्याच चौथऱ्यावर उभं केलेलं नाही. ती विचार करते, बोलते, नवऱ्याशी असलेलं आणि तेरुओशी असलेलं नातं दोन्ही समजून घेऊ बघते. अमेरिकन कादंबऱ्यांमधून मी ज्या बाईला शोधत होते ती मला या पुस्तकात भेटली. याच गौरीबाईंनी ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड मराठीत आणले. त्यात सुलतानाची पहिली, प्रतारणा करणारी बायको सुरुवातीलाच मारली जाते आणि तिला स्वतःची बाजू मांडायलाही मिळत नाही. ते इतक्या निगुतीने मराठीत करणाऱ्या लेखिकेने स्वतःच्या नायिकांना पानंच्या पानं बोलू दिलं, याचं मला फार अप्रूप आहे.

८. पुस्तक कपाटात असेल तरच हे होतं

गट सुरू केला तेव्हा ‘असली’ पुस्तकं बायकांना कशाला, असं सांगायला घरी माणसं आली होती. मी त्यांना बसवून हेस्टरची गोष्ट सांगितली. त्यांतल्या एकाची सून आता गटात येते.

गौरी देशपांडे २००३ साली गेल्या. बारामती, इंदापूर, फलटण इथल्या वाचनालयांच्या समित्यांना माझी विनंती आहे की त्यांची पुस्तकं, ‘हिंदोळ्यावर’ आणि ‘सांगत्ये ऐका’ यंदाच्या खरेदीच्या यादीत घ्यावीत, बायका येतील अशा वेळी वाचनालय उघडं ठेवावं आणि ही पुस्तकं समोरच्या फळीवर लावावीत. आणि वाचणाऱ्यांना सांगणं एवढंच, की यातलं कोणतंही पुस्तक वाचून झालं की ते सासूला, सुनेला, लेकीला द्या, आणि नवऱ्यालाही द्या.